मी गोड बोललो, अन् बायकोनं डाक्टर बलावला

हे पाहा, आधी कपबशी खाली ठेवा. मागच्या खेपेले हाच किस्सा सांगतला तं एकाच्या नाकातून चहा आला, अन् धोतर माहं खराब झालं. अन् हासाचं नाही, कबूल? फजिती माही हाये, पन मीच सांगतलेली बरी. बायको सांगते तेव्हा तिखटमीठ लावते. अन् सांगते तं सांगतेच! पाव्हन्यानं दारात चपला काढल्या ना काढल्या, तं हिचं सुरू.

आता माहा स्वभाव तुमाले मालूम हाये.

काय म्हनला? भडकू? कोन म्हनला बे तो?

मी भडकत नाही. माहा आवाज मोठा हाये, एवढंच. मी बैलाले पानी दाखवलं तरी लोकं म्हनतात, गुलाबराव भडकला. आता तोंडातून एखादी शिवी जाते, ते खरं. पन शिवी तरी कोन्ती? 'गोठ्यातल्या खुट्या!' ही काय शिवी झाली? जो मानूस कामाच्या टायमाले नुसता उभा राह्यते, त्याले दुसरं काय म्हनाव? खुटा बी उभाच राह्यते. ही माह्या घरची शिवी हाये. कोनापासून उसनी आनली नाही.

तं झालं असं. महाराष्ट्र नवा नवा झाल्ता तेव्हाची गोष्ट. माही पोरगी शांता लग्नाले आल्ती. नाव तिच्या मायनं ठेवलं, मी नाही. हिवरा गावचं स्थळ आलं. पोरगा कामाचा, इहिरीले पानी, गोठ्यात चांगले बैल. पोरगी पसंत झाली. निस्ता साखरपुडा राह्यला होता.

अन् पोरगी पाहाचा कार्यक्रम कुठं केला, मालूम हाये? जानेफळले, माह्या मेव्हन्याच्या घरी! मी कुठं होतो? मी वावरात. बायको म्हने, "अहो, तुरीत रानडुकरं शिरले म्हनतात, तुमी राखनीले जा." मी दिवसभर काठी घेऊन बांधावर बसलो. डुक्कर नाही, डुकराचं शेपूट नाही! मंग समजलं, तूर राखाची नव्हती, मले लपवाचं होतं.

अन् मेव्हन्यानं सोयऱ्यायले काय सांगतलं? म्हने, "पोरीचा बाप म्हंजे गाय हाये गाय. तोंडातून शब्द निंघत नाही. निंघला तं भजनच."

मी! भजन!

बायकोनं मले बजावलं, "आता साखरपुडा होवोस्तर तोंड शिवून ठेवा. हिवऱ्याच्या मानसापुढं एक शिवी गेली ना, तं शांती घरी बसन, अन् मी बी तिच्यासंग रडत बसन."

मी म्हनलं, बरं. पोरीचा मामला होता. खरंच सांगतो, मी ठरवलं होतं, तोंड उघडाचंच नाही.

पन बाजाराच्या दिवशी ज्वारीची गाडी भरून राह्यलो होतो. बैल अजून जुपेल नव्हते. आमचा जुना गडी म्हने, "मालक, मांगं ओझं लय झालं. गाडी उलाळ होईन." म्हंजे मांगं बसन अन् पुढून वर उचलन.

आता मले हे सांगाचं काम होतं का? माह्या बापजाद्यायनं गाड्या भरल्या! मी म्हनलं, "मले शिकवतं काय बे गोठ्यातल्या खुट्या? हे पाह्य!" अन् मी मुद्दाम गाडीच्या पुढं गेलो, जिथं बैल जुपतात त्या धुरीवर वाकून उभा राह्यलो. म्हनलं, "पाह्य, हालते का? टाक ते राह्यलेलं पोतं!"

त्यानं टाकलं. मालकानं सांगतलं म्हून टाकलं, त्याची काय चूक?

गाडी मांगं बसली, अन् धुरी उसळली ते सिधी माह्या कपायावर. मले निस्ता एक आवाज आयकू आला. मंग काहीच नाही.

डोये उघडले तं मी दवाखान्यात. तालुक्याच्या. अन् पाह्यतो तं काय, खाट तिरपी! डोक्स्याकडच्या पायायखाली इटा, अन् पायाकडं काहीच नाही. मी जोऱ्यानं बोंबललो, "धरा बे! पुन्हा उलाळ होऊन राह्यली!"

पांढऱ्या लुगड्यातली एक शिस्टर पयत आली. पुन्याकडची होती. बोलनं असं, का पुस्तकातून वाचून राह्यली. म्हने, "काका, पडून राहा. डोक्याकडची बाजू मुद्दाम उंच ठेवली आहे. आत सूज वाढू नये म्हणून."

मी म्हनलं, "सूज बाहेर हाये बाई, आत कायची?"

तिनं एक बॅटरी काढली अन् माह्या डोयात मारली. एक डोया झाला, का दुसरा.

"काय पाह्यतं व बाई? उंदीर शिरला का आत?"

"दोन्ही बुबुळं सारखी आहेत का, उजेड पडल्यावर लहान होतात का, ते बघते. एक मोठं राहिलं, तर समजायचं की आत रक्त साचतंय."

बरं, झालं. मंग तिनं आपले दोनी हात पुढं केले. म्हने, "माझी बोटं दाबा. घट्ट."

आता सांगा! परक्या बाईचे हात! अन् समोर स्टुलावर बायको बसेल! मी काय करनार? फुलाले धरल्यावानी निस्ती बोटं टेकवली अन् मान फिरवली.

शिस्टर गंभीर झाली. म्हने, "जोर नाही. दोन्ही हातांत जोर नाही."

जोर नाही? मले? ज्वारीची पोती मी एकटा उचलतो, अन् मले जोर नाही? मी तिची बोटं अशी आवयली, का बाई टाचेवर उभी राह्यली. "आई गं! पुरे, काका, पुरे!"

म्हनलं, "आला का जोर?"

पन तिची शंका काही जाईना. म्हने, मघाशी नव्हता, आता एकदम कसा आला?

अन् मंग ते सवाल! घडीघडी येऊन तेच सवाल. मानूस बिमार हाये, त्याले झोपू द्याव का नाही? डोया लागला का ही हजर. मी उठलो नाही तं नखावर पेन्सिल दाबे. कळ निंघे डोक्स्यापर्यंत! मी उठून तिच्या सात पिढ्यायले आठवो, अन् ती खुश! म्हने, "छान. दुखलेलं कळतंय, बोलणंही स्पष्ट आहे."

"काका, नाव सांगा."

"मघाशी सांगतलं ना!"

"पुन्हा सांगा."

"तेव्हापासून बदललं नाही बाई! गुलाबराव!"

"आज तारीख काय?"

"तारीख मारवाड्याले इचार. बाजाराचा दिवस हाये, एवढं मले मालूम हाये."

"वय?"

"पन्नास असन. साठ नसन."

"आपण कोणत्या राज्यात राहतो?"

आता हा सवाल मले इचाराचा होता का? मी उठून बसलो. म्हनलं, "कधीचं सांगू? पह्यले म्हने मध्यप्रदेश. मंग म्हने मुंबई. आता म्हने महाराष्ट्र. मी बाई एकाच घरात बसलो हाओ, अन् राज्यं येऊन जाऊन राह्यले! तुमीच एक काय ते ठरवा, अन् मले सांगा!"

मी खोटं बोललो का? वऱ्हाडातल्या कोन्त्या बी मानसाले इचारा. पन ही पुन्याची. तिले हे कसं मालूम राह्यन? ती डाक्टरले जाऊन सांगे, "सर, वय सांगता येत नाही, तारीख सांगता येत नाही, आणि राज्यं तीन सांगतात."

डाक्टर आला. चष्मा, हातात लहानशी हातोडी. माह्या गुडघ्यावर मारली. पाय उडाला, अन् त्याच्या मांडीवर बसला. ते मी मुद्दाम केलं नाही, आईची आन! पायच उडाला. पन मंग त्यानं कपाय दाबलं. लय दुखलं. तेव्हा मी जे बोललो ते बोललो. इथं सांगत नाही. चहा प्या.

डाक्टरनं शिस्टरकडं पाह्यलं. शिस्टर बायकोकडं वयली. म्हने, "काकू, हे आधीपासून असेच चिडके आहेत का?"

आता इथं पाहा, गाडी कशी उलाळ झाली ते. बाजूच्या खाटेवर हिवऱ्याचा एक म्हातारा मोडेल पाय टांगून पडला होता. अन् त्याले भेटाले आधं हिवरा येऊन बसलं होतं! सगळे कान टवकारून.

बायकोनं एकबार माह्याकडं पाह्यलं. एकबार त्या हिवऱ्याच्या लोकायकडं पाह्यलं. पदर सावरला. अन् म्हने, "नाही वो बाई! हे कायले चिडतीन? गाय हायेत गाय. आवाज कधी चढत नाही. शिवी तं मी यायच्या तोंडून कधी आयकलीच नाही. हे आजच काय झालं, देवाले ठाऊक."

"अवं भवाने!" मी बोंबललो. "खोटं काऊन बोलून राह्यली? मी जन्माचाच असा हाओ!"

"बघा," शिस्टर म्हने.

"बघा," डाक्टर म्हने.

"बिच्चारा," हिवऱ्याचा म्हातारा म्हने.

मंग शिस्टरनं बायकोले समजून सांगतलं. भिताडावर मेंदूचा एक रंगीत फोटो टांगेल होता. मी दुरून पाह्यला, बोकडाच्या भेज्यापेक्षा काही लय वेगळा नव्हता. म्हने, "काकू, कवठ असतं ना? ते दगडावर आपटलं तर कवटी तशीच राहते, पण आतला गर हलतो. तसं झालंय. मेंदूच्या बाजूच्या भागात बोलणं असतं. मागच्या भागात नजर. सगळ्यात खाली लहान मेंदू, तो तोल सांभाळतो. आणि हा कपाळामागचा भाग आहे ना, इथं माणसाचा स्वभाव असतो. कुठं काय बोलावं, राग कसा आवरावा, ते सगळं इथून चालतं. यांना मार नेमका इथंच बसलाय."

मी म्हनलं, "माह्या डोक्स्याले कवठ म्हनली?"

कोनी आयकलं नाही.

"आणि डावी बाजू सुजली, तर उजवा हात-पाय लुळा पडतो," शिस्टर सांगे.

"म्हंजे तुमच्या मेंदूत बी उलटाच कारभार!" मी म्हनलं. "एका वावराची मोट, अन् पानी दुसऱ्याच्या वावरात!"

डाक्टर म्हने, "चिडचिड वाढतच चाललीये. शांत माणूस असा एकाएकी शिव्या देऊ लागला म्हणजे आत दाब वाढतोय. उद्या सकाळपर्यंत बघू. मूळ स्वभावावर आले नाहीत, तर नागपूरला पाठवावं लागेल. कदाचित कवटीला लहानसं भोक पाडून रक्त काढावं लागेल."

भोक! डोक्स्याले! सुतार गिरमिटानं पाटाले पाडते तसं!

अन् खरं सांगू, मले गिरमिटाची येवढी भीती वाटली नाही, जेवढी नागपूरची वाटली. आमच्याकडं डोक्स्याच्या मानसाले नागपूरले नेलं म्हनलं, का लोकं एकच गोष्ट समजतात, पागलखाना. मंग तुमी छाती बडवून सांगा, का बाप्पा, धुरी लागली होती. कोनी आयकत नाही. 'पोरीच्या बापाले नागपूरले नेलं.' झालं! पागलाच्या घरची पोरगी कोन करन?

म्हंजे पाहा माहे हाल. मी शिव्या देल्ल्या तं पागल. अन् शिव्या देनं माहा स्वभावच हाये म्हनलं, तं बायको खोटी, मेव्हना खोटा, अन् सोयरिक मोडली. कोन्त्या बी बाजूनं शांतीच मरत होती.

बायको डबा आनाले घरी गेली. जाताना डोये पुसत गेली.  

संध्याकायी शिस्टर बॅटरी घेऊन आली तं मी तिले हयूच इचारलं, "बाई, मले नागपूरले जाचं नाही. काय करू?"

ती म्हने, "काका, मी तुम्हाला नाटक करायला सांगत नाही. पण उगाच ओरडू नका. शांतपणे, गोड बोला. माणूस मूळ स्वभावावर आला, की डॉक्टरांची काळजी मिटते."

गोड बोला! सांगनं सोपं हाये. मले गोड बोलता येते का? माह्या बापाले येत होतं का? आमच्या खानदानात गोड असं कोनी बोललंच नाही. शिकाव कोनापासून? बाजूचा म्हातारा निस्ता कन्हे. मंग माह्या ध्यानात आलं, का जवळपास गोड बोलनारं एकच मानूस हाये. शिस्टरच! म्हून मी तिचंच बोलनं उचललं. पडल्या पडल्या घोकलं. 'बसा.' 'दमलात का?' 'छान.'

सकायी डाक्टर खाटेपाशी आला, अन् तेवढ्यात बायको बी डबा घेऊन आत आली. मी पाह्यलं, हाच मोका हाये. गालातल्या गालात हासलो. अन् म्हनलं:

"आलात का? या, बसा. उन्हातून चालत आलात, दमला असाल. तुम्ही जेवलात का?"

कोनाले? बायकोले!

डबा खाली पडला. भाकर इकडं, चटनी तिकडं.

मी अजून गोड झालो. "असू द्या, असू द्या. सांडलं तर सांडलं. तुम्हाला लागलं तर नाही ना?"

बाईनं जी किंकायी फोडली! "अगं माय वो! गेले! हे गेले! डाक्टर, पाहा वो, यायच्या अंगात कोनी पुन्याचं शिरलं!"

मी म्हनलं, "अहो, असं काय करता? शांत व्हा."

"पाहा! पाहा! मले अहो म्हनून राह्यले!" ती डाक्टरच्या कोटालेच लोंबकयली. "जन्मात मले जेवली का म्हून इचारलं नाही! आता मानूस वाचत नाही! भोक पाडा डाक्टर, आताच्या आता भोक पाडा!"

डाक्टर म्हने, "पण काल तर तुम्हीच म्हणालात, हे गायीसारखे शांत आहेत."

"खोटं बोलली वो मी!" बायको रडून राह्यली होती. "कायची गाय? मारका बैल हाये हा! आमच्या लग्नात वरन थंड हाये म्हून यायनं माह्या बापाचा पटका मांडवाबाहेर फेकला होता! मी सोयरिकीसाठी खोटं बोलली. पन हे असं गोड... हे काही खरं नाही!"

डाक्टरनं कपायाले हात लावला. आपल्या, माह्या नाही. शिस्टरले म्हने, "काल चिडचिड, आज हे भलतंच. स्वभाव बदलला, भाषासुद्धा बदलली. गाडी सांगा. नागपूर."

नागपूर आयकलं, अन् संपलं. कुठलं गोड अन् कुठलं पुनं! मी त्या तिरप्या खाटेवरून घसरत खाली उतरलो. म्हनलं, "मी घरी जातो! अडवा मले कोन अडवते ते!" अन् दाराकडं निंघालो.

दारात एक मानूस उभा. पांढरा पटका, हातात केयाची फनी. ना आत येते, ना बाहेर जाते. निस्ता आ वासून पाह्यते.

"अबे गोठ्यातल्या खुट्या!" मी गरजलो. "दारात गाडून ठेवलं का तुले? सरक बाजूले!"

 हिवऱ्याचा म्हातारा कन्हाचा बी थांबला. बायको मटकन खाली बसली, चटनीतच. तोंडात पदर कोंबला अन् म्हने, "किसनराव!"

किसनराव म्हंजे कोन? होनारा इवाई! पोराचा बाप! मले पाहाले हिवऱ्याहून केये घेऊन आल्ता. अन् त्यानं दारात उभं राहून सगळं आयकलं होतं. गाय बी आयकली, मारका बैल बी आयकला, अन् वरून हा परसाद!

मी मनात म्हनलं, गुलाबराव, पोरीचं लग्न तुह्या तोंडानं मोडलं. आता जाय नागपूरले, पाड भोक.

किसनराव माह्याकडं टक लावून पाहे. मंग म्हने, "पुन्हा म्हना."

"काय?"

"आता जे म्हनलं, ते. एकबार पुन्हा म्हना."

मी बारीक आवाजात म्हनलं, "गोठ्यातल्या खुट्या."

"असं नाही. मोठ्यानं. तेव्हासारखं."

"कधीसारखं बे?" माहा आवाज चढलाच.

"हां! तोच!" किसनरावानं केये खाली ठेवले अन् मांडीवर थाप मारली. "डाक्टरसाहेब, हा मानूस मले बैलबाजारात भेटला होता. दोन वर्सं झाले असतीन. मी एक बैल घेऊन राह्यलो होतो. दलाल म्हने, जवान हाये. मी पैसे काढनार, तं हा मानूस गर्दीतून मुसंडी मारत आला. ना ओळख, ना पाळख. माह्यावर बोंबलला, 'गोठ्यातल्या खुट्या! दात पाह्य त्याचे! तुह्या बापाच्या वयाचा हाये तो बैल!' साऱ्या बाजारानं आयकलं. मी दात पाह्यले. खरंच म्हातारा होता! माहे पैसे वाचले, पन बाजारात सहा महिने मले लोकं खुट्याच म्हनत होते."

डाक्टरनं चष्मा काढला. "म्हणजे कपाळाला मार लागायच्या आधीही हे असेच होते?"

"असेच म्हंजे? काही फरक नाही! शिवी तीच, आवाज तोच. डोक्स एकदम जागेवर हाये यायचं."

शिस्टर तोंडावर हात धरून खिडकीकडं वयली. खांदे हालत होते तिचे.

डाक्टरनं मले पुन्हा खाटेवर घातलं. बॅटरी मारली, हात दाबाले लावले, पाय उचलाले लावले. सगळं बरोबर. म्हने, नागपूर राहू द्या. दोन रोज इथंच नजरेखाली ठेवू, अन् मंग घरी.

पन मले त्याचं काय? माहं ध्यान किसनरावाकडं. तो बायकोकडं वयला, म्हने, "बाई, एक सांगा. पोरगी कोनावर गेली? बापावर का तुमच्यावर?"

बायको चटनीतून उठली. "माह्यावर! सगळी माह्यावर! बापाचं काहीच नाही तिच्यात!"

"मंग तुमच्यावानी खोटं बोलत असन."

बायकोचं तोंड येवढंसं झालं. माह्याच्यानं राहावलं नाही. मी म्हनलं, "किसनराव, माही पोरगी खोटं बोलली तं उंबऱ्यातून परत धाडा! पन या खोट्यानाट्यात तिचा काही गुन्हा नाही. तिले तं तुरीतल्या डुकराचं बी मालूम नव्हतं!"

किसनराव हासला. म्हने, "कोनतं डुक्कर, ते मंग सांगा. धाडाचं काऊन? घरात एखादं खोटं बोलनारं लागतेच, नाहीतं सोयरिकी जमनार कश्या? अन् तुमच्यावानी बोंबलनारं बी एखादं लागते, नाहीतं म्हातारे बैल गयात पडनार. साखरपुडा ठरल्या दिवशी होईन. निस्तं एक ध्यानात ठेवा. हिवऱ्याले येनं झालं तं आधी सांगून या. म्हंजे मी बाजूच्या घरच्यायले सांगून ठेवीन."

तुमी हासले! हासनार नाही म्हनलं होतं ना बे?

थांबा, अजून संपलं नाही.

घरी जाताना शिस्टरनं बायकोले बाजूले घेतलं अन् बजावलं, "काकू, लक्ष ठेवा. उलटी झाली, झोपेतून उठेनासे झाले, हातापायातला जोर गेला, बुबुळं लहानमोठी दिसली, तर लगेच घेऊन या. आणि स्वभावात फरक वाटला तरी."

बायको म्हने, "बाई, बाकीचं चुकन एखाद्या वेळी. पन स्वभावातला फरक मले बरोबर समजन."

अन् आला शांतीच्या लग्नाचा दिवस. मांडव भरेल. अक्षता पडल्या. पोरगी माह्या पाया पडाले वाकली, मी तिच्या डोक्स्यावर हात ठेवला.  मी किसनरावाचे हात धरले.  एकदम नरम होऊन म्हनलं, "किसनराव, लेकरू तुमच्या ओटीत टाकलं. चुकलं माकलं तं सांभाळून घ्या."

एवढंच बोललो! बापानं आजून काय बोलाव?

तं गर्दीतून एक आवाज आला, "सरका! सरका वो बाप्पा!" अन् बायको धावत आली. भर दुपारी. हातात पेटलेला कंदील!

माही हनुवटी धरली, कंदील डोयापुढं आनला, इकडून पाह्यलं, तिकडून पाह्यलं. मंग आपले दोनी हात पुढं केले. साऱ्या वऱ्हाडापुढं! म्हने, "दाबा. अन् सांगा, राज्य कोन्तं?"

सारा मांडव खो खो हासाले लागला. अन् सगळ्यात मोठ्यानं कोन हासलं? किसनराव! पोट धरून!

माह्या डोक्स्यात अशी तिडीक गेली! मी गरजलो, "अबे गोठ्यातल्या खुट्या! हासतं काय बे उभा राहून?"

नव्या इवायाले! पोरीच्या लग्नात! भर मांडवात!

बायकोनं एक मोठा सुस्कारा टाकला. कंदील फुकून इझवला, अन् वाढप्यायकडं पाहून म्हने, "काही नाही, बरे हायेत. बसवा पंगत."